जग दाखवणारी नोकरी

‘काका, असं कुठलं करिअर आहे का हो, ज्यात जगभर फिरायला मिळेल आणि वर पगारही मिळेल?’

मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाची टेबलं मांडतात, तिथे हा प्रश्न आम्हाला दरवर्षी निदान तीन-चार मुलं तरी विचारतात. डॉक्टरांच्या टेबलापाशी आयांची गर्दी असते, सॉफ्टवेअरवाल्यांच्या टेबलापाशी वडिलांची, आणि आमच्या टेबलापाशी मुलांची. कारण आमच्या टेबलावर बोटीचं छोटं मॉडेल असतं, एका कॅप्टन मित्राने दिलेला सेक्स्टंट असतो आणि जगाचा नकाशा असतो. नकाशावर तांबड्या पेन्सिलीने रेघा मारलेल्या आहेत. त्या बघून मुलं खूष होतात. त्या रेघांपायी काय काय गेलं ते नकाशावर दिसत नाही, आणि आरतीच्या घाईत सांगताही येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उभयता म्हणजे बोटीवरचा एक निवृत्त इंजिनिअर आणि त्याची बायको. लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’. जिथे आमचं एकमेकांशी पटत नाही तिथे तसं स्पष्ट सांगू. संसाराची चाळीस वर्षं उलटल्यावर त्यात लपवण्यासारखं काही राहत नाही.

जग फिरवणाऱ्या नोकऱ्या काही कमी नाहीत. विमानातले कर्मचारी आहेत, परराष्ट्र खात्यातले अधिकारी आहेत, तेलविहिरींवरचे इंजिनिअर आहेत, दर सोमवारी बॅग उचलून निघणारे कन्सल्टंट आहेत. आमच्या ओळखीचे एक कन्सल्टंट गृहस्थ तीस देश फिरले. त्यांना टोकियोबद्दल विचारा नाहीतर तुर्कस्तानबद्दल, ते तिथल्या हॉटेलच्या नाश्त्याचं वर्णन करतात. त्यांना हसायचा आम्हाला अधिकार नाही, हे पुढे कळेलच. पण आम्हाला माहीत आहे ती बोटीवरची नोकरी, तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो.

मराठी माणसाला ही नोकरी नवी नाही. समुद्र ओलांडू नये असं शास्त्र सांगत असताना आपल्या कोकणातली माणसं परदेशी बोटींवर सारंग, टिंडेल, सुकाणी आणि भंडारी म्हणून जगभर फिरत होती. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांचे चिरे त्या पैशातून उभे राहिले. अधिकारी होणं मात्र फार उशिरा जमलं. हिंदी मुलांना अधिकारी म्हणून तयार करणारी ‘डफरिन’ ही शिक्षणनौका मुंबईत १९२७ साली सुरू झाली. १९७२ साली तिच्या जागी ‘राजेंद्र’ आली आणि १९९३ साली नव्या मुंबईत ‘चाणक्य’. त्याच्याही आधी, ५ एप्रिल १९१९ ला, सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. त्या कंपनीमागे आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. भारतात ५ एप्रिल हा सागरी दिन पाळतात तो त्यावरूनच. इतका इतिहास असूनही आमच्यातल्या एकाने १९७४ साली कलकत्त्याच्या मरीन इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं ठरवलं, तेव्हा वाईच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटली नाही. आजी म्हणाली, ‘इंजिनिअर व्हायचं तर हो ना बाबा, पण जमिनीवरचा हो.’

आता गंमत ऐका. जग पाहायला म्हणून जो माणूस बोटीवर गेला, त्याने अठरा वर्षांत जगाचा बहुतेक भाग इंजिनरूममधून पाहिला. इंजिनरूमला खिडक्या नसतात. पनामा कालवा ह्या माणसाने अकरा वेळा ओलांडला आणि एकदाही धड पाहिला नाही. कालव्यातून जाताना इंजिन सतत स्टँडबायवर ठेवावं लागतं. बोट दोन्ही बाजूंच्या छोट्या रेल्वे इंजिनांच्या दोरांनी धरलेली, लॉकमध्ये पाणी भरतंय, बोट टप्प्याटप्प्याने समुद्रापेक्षा सव्वीस मीटर वर चढतेय, मग गोड्या पाण्याच्या गाटून तलावातून जंगलाच्या कडेकडेने चाललीय, आणि हे सगळं चालू असताना चीफ इंजिनिअर साहेब खाली कानाला संरक्षक लावून प्रेशर गेजकडे बघतायत!

पण इंजिनिअरलाही समुद्राची ओळख होते, फक्त वेगळ्या वाटेने. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्याचं तापमान दर वॉचला नोंदवावं लागतं. फेब्रुवारीत उत्तर समुद्रात ते पाच-सहा अंश असायचं. ऑगस्टमध्ये इराणच्या आखातात चौतीस-पस्तीस, आणि इंजिनरूम मग पन्नासाच्या घरात. गल्फ स्ट्रीममध्ये बोट शिरली की आकडा हळूहळू वर चढू लागायचा. आमच्यातला हा गृहस्थ आजही गॅलव्हेस्टनच्या किनाऱ्यावर गेला की पाण्यात बोट बुडवतो आणि ‘अठ्ठावीस’ म्हणतो. बरोबर असतं की नाही, कोणी तपासलेलं नाही.

जग खरं पाहिलं ते दुसरीने. १९८३ साली लग्न झालं, आणि बँकेतल्या पक्क्या नोकरीचा राजीनामा देऊन ती बोटीवर गेली. अधिकाऱ्यांच्या बायकांना तेव्हा ‘सुपरन्युमररी’ म्हणून बोटीच्या हजेरीपटावर घेत आणि नावापुरता पगार लावत. काम काही नाही. पहिले चार दिवस बोट इतकी लागली की ‘मला पुढच्या बंदरात उतरवा’ एवढं एकच वाक्य तोंडात होतं. पुढचं बंदर सतरा दिवसांवर होतं. त्यानंतर मात्र तिने ब्रिजच्या बाजूला उभं राहून दोन कालवे, तीन महासागर आणि उडणारे मासे पाहिले, आणि रात्री जेवताना ते सगळं खालून वर आलेल्या माणसाला सांगितलं. आमच्या प्रवासवर्णनात डोळे एकीचे आहेत आणि तिकीट दुसऱ्याचं.

त्या काळी आम्ही धान्याच्या, खनिजाच्या बोटींवर होतो. बंदरात आठ-आठ, दहा-दहा दिवस मुक्काम पडे. व्हँकुव्हरला गहू भरताना पाऊस आला की होल्डची झाकणं बंद करून भरणी थांबवतात. आणि व्हँकुव्हरचा पाऊस म्हणजे आपल्या आंबोलीचा धाकटा भाऊ! कंपनीला दर दिवसाचं नुकसान आणि आम्हाला दर दिवसाची चैन. कोबेला भारतीय माणसं भेटली, त्यांच्या घरी पोळी मिळाली. ब्राझीलच्या सांतोसला धक्क्यापर्यंत कॉफीचा वास यायचा. हे सगळं खोटं नाही, आणि मुलांना सांगताना आमचा आवाज चढतो तोही खोटा नाही.

आता दुसरी बाजू.

१९८६ साली आम्ही दोघंही पनामाहून योकोहामाला चाललो होतो. तेवीस दिवसांचा प्रवास, मध्ये कुठेही जमीन नाही. पनामा सोडून सहावा दिवस असेल, रेडिओ ऑफिसर स्वतः केबिनवर आला. एरवी तो तार स्टुअर्डबरोबर पाठवी, त्यामुळे दारात त्याला पाहूनच कळलं. वाईला वडील आदल्या दिवशी गेले होते. धाकट्या भावाने सगळं केलं. आम्ही कुठे जाणार? कॅप्टन भला माणूस, पण त्याच्या हातात तरी काय होतं? बोट वळवून जवळची जमीन गाठायची तरी काही दिवस लागले असते. इंजिनिअरने त्या संध्याकाळचा आपला वॉच केला. कोणी सांगितलं नव्हतं. केबिनमध्ये बसून तरी काय करायचं, असं त्याला वाटलं असावं. आम्ही त्याबद्दल पुढे कधी बोललो नाही.

दहाव्या दिवशी वाईला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवणार, त्याच वेळी आपणही काहीतरी करावं असं आमच्या मनात आलं. पण दहावा दिवस कुठला? घड्याळ रोज थोडं थोडं मागे जात होतं, आणि नेमकी त्याच सुमाराला तारखेची रेघ ओलांडायची होती. पश्चिमेला जाताना एक अख्खा दिवस कॅलेंडरातून गळून पडतो. शेवटी वाईची तारीख धरली. आमचा चीफ कुक गोव्याचा ख्रिश्चन. त्याने न सांगता वेगळ्या पातेल्यात भात केला आणि तीळ शोधून आणून दिले. आम्ही भाताचा गोळा पानाऐवजी स्टीलच्या ताटलीत घेऊन बोटीच्या मागच्या डेकवर गेलो आणि ठेवून बाजूला उभे राहिलो. पॅसिफिकच्या मधोमध कावळा कुठला यायचा! एखादा तरी समुद्रपक्षी येईल म्हणून तासभर थांबलो. एकही आला नाही. मग ताटली समुद्रात रिकामी केली.

योकोहामाला उतरून घरी ट्रंककॉल लावला तेव्हा तेरावा होऊन गेला होता. आई म्हणाली, ‘घाटावर कावळा लगेच शिवला हो.’ तिने ते आमच्यासाठी सांगितलं की खरोखर तसं झालं होतं, आम्ही कधी खोदून विचारलं नाही.

१९८८ साली मुलगा झाला आणि एकीचं बोटीवर जाणं थांबलं. एकाचं चालू राहिलं. सहा-सात महिने बोटीवर, तीन-चार महिने घरी. फोन परवडत नसत, पत्रं एजंटच्या हाती बंदरात पोचत तेव्हा बोट पुढच्या बंदराला निघालेली असे. म्हणून आम्ही कॅसेट पाठवायचो. इंजिनिअर रात्री केबिनमध्ये बसून गोष्टी सांगायचा, मागे इंजिनाची घरघर. मुलगा तीन वर्षांचा असताना शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘बाबा कुठे असतात रे?’ तो म्हणाला, ‘टेपमध्ये.’ ती गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षं विनोद म्हणून सांगत होतो. पुढे १९९६ साली ह्यूस्टनला बोटींच्या तपासणीची जमिनीवरची नोकरी मिळाली, तेव्हा दोघांनीही क्षणभर विचार केला नाही. मुलगा आता पस्तिशी ओलांडलेला आहे, घरून काम करतो, आणि त्याला प्रवासाची अजिबात आवड नाही. सुट्टीत कुठे जातोस म्हटलं की ‘घरी’ म्हणतो.

हे झालं आमच्या वेळचं. आजचं चित्र काही बाबतीत कितीतरी चांगलं आहे. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ पासून लागू आहे. त्यात चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती हा हक्क आहे, आणि एका दमात वर्षभर बोटीवर ठेवता येत नाही. त्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती डिसेंबर २०२४ पासून लागू झाली, तिच्यात बोटीवर इंटरनेटची सोय हाही विषय आला. ‘टेपमधले बाबा’ आता व्हिडिओवर दिसतात. रेडिओ ऑफिसर मात्र १९९९ पासून बोटीवर नाही. उपग्रहाची यंत्रणा आली आणि ती नोकरीच संपली.

पण जग पाहण्याच्या बाबतीत म्हणाल तर उलटंच झालं आहे. कंटेनरची बोट पुष्कळदा एका दिवसाच्या आत बंदर सोडते. अमेरिकेतल्या सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जगभरच्या बंदरांना सुरक्षेचे नवे नियम आले, ते १ जुलै २००४ पासून लागू आहेत. पूर्वी आम्ही गँगवेवरून उतरून सरळ गावात चालत जायचो. आता इथल्या धक्क्यावर उतरायचं तर खलाशाकडे व्हिसा हवा आणि गेटपर्यंत न्यायला परवानाधारक माणूस हवा.

ह्यूस्टनच्या बंदरात खलाशांसाठी सेवाकेंद्रं आहेत. निवृत्तीनंतर आम्ही दर शनिवारी एका केंद्राची व्हॅन चालवतो. बोटीवरून चार-पाच मुलं घ्यायची, फिलिपिन्सची, भारताची, युक्रेनची, आणि त्यांना हवं तिथे न्यायचं. हवं तिथे म्हणजे कुठे? वॉलमार्ट. तीन तास असतात. साबण, चॉकलेटं, मुलांचे बूट, फोनचं कार्ड. सांतोस, रॉटरडॅम, ह्यूस्टन, सगळीकडे दुकान आणि परत. एकदा संगमेश्वरकडचा एक थर्ड इंजिनिअर भेटला. मराठी ऐकून त्याने आधी व्हॅनचा आरसा धरला, मग हसला. त्याला दुकानाऐवजी घरी आणला. पिठलं-भाकरी खाल्ली आणि उरलेला वेळ अंगणातल्या गवतावर अनवाणी चालत बसला. ‘काकू, चार महिन्यांत लोखंडाशिवाय पायाखाली काही आलं नाही,’ म्हणाला.

२०२० साली करोनात तर तेवढंही नव्हतं. जगभर चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही बोटींवर अडकून पडले होते. आम्ही गँगवेच्या तळाशी पिशव्या ठेवून मागे सरायचो, वरून कोणीतरी दोरीने त्या ओढून घ्यायचा आणि हात हलवायचा. आणि मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये सहा दिवस अडकली, तेव्हा टीव्हीवर सगळे बोटीची लांबी आणि रखडलेला माल मोजत होते. तिच्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते, हे आपल्या मंडळात किती जणांच्या लक्षात आलं?

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला एक निमित्त आहे. आमच्या परिचयातली सतरा वर्षांची एक मुलगी (नाव देत नाही, मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात) गेल्या वर्षी टेबलापाशी आली आणि हटलीच नाही. तिला बोटीवर अधिकारी व्हायचं आहे. आईवडील दोघंही आमच्याकडे आले. चहा झाल्यावर वडील म्हणाले, ‘तुम्ही तिचं ऐकता, तिला तेवढं समजावा.’ समजावा म्हणजे मन वळवा. आम्ही तसं वचन दिलं नाही. माहिती देऊ म्हणालो.

माहिती अशी की अमेरिकेत ह्याचं शिक्षण उत्तम आहे. न्यूयॉर्कजवळ किंग्ज पॉइंटला केंद्र सरकारची अकादमी आहे. तिथे शिकवणीची फी नाही, पण नंतर काही वर्षांच्या सेवेचं बंधन आहे. राज्यांच्या अकादम्या आहेत, त्यातली टेक्सासची आपल्या घरापासून तासाभरावर, गॅलव्हेस्टनला. पदवीबरोबर कोस्ट गार्डची परीक्षा देऊन थर्ड मेट किंवा थर्ड असिस्टंट इंजिनिअरचं लायसन्स मिळतं. त्याला नागरिकत्व लागतं, ते तिच्याकडे जन्माने आहे. पगार चांगला, आणि पुष्कळ ठिकाणी जितके दिवस काम साधारण तितकी सुट्टी. आमच्या वेळी हे स्वप्नातही नव्हतं.

पण ‘जग फिरायला मिळेल’ ह्या तिच्या मुख्य मुद्द्याला इथे एक मेख आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. १९२० च्या जोन्स कायद्याप्रमाणे एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात माल न्यायचा तर बोट इथे बांधलेली, इथल्या मालकीची आणि इथल्या खलाशांचीच हवी. त्यामुळे अमेरिकन लायसन्सवाल्यांच्या पुष्कळ नोकऱ्या ह्या किनाऱ्यालगतच्या आहेत. ह्यूस्टनहून तेल घेऊन फ्लोरिडा, फ्लोरिडाहून पोर्टो रिको, नाहीतर वॉशिंग्टन राज्यातून अलास्का. समुद्रापार व्यापार करणाऱ्या अमेरिकन झेंड्याच्या बोटी शंभराच्याही आत आहेत. म्हणजे संगमेश्वरच्या मुलाला जग मिळतं आणि पगार बेताचा, इथल्या मुलीला पगार मिळतो आणि जग बेताचं. हे ऐकून तिचा चेहरा पहिल्यांदा उतरला. पाच मिनिटांनी तिने विचारलं, ‘त्या शंभरांवर जायला काय लागतं?’

आईचा प्रश्न वेगळा होता आणि तो तिने मुलगी खोलीत नसताना विचारला. आम्ही खोटं सांगितलं नाही. २०२१ च्या एका पाहणीप्रमाणे जगातल्या जवळजवळ एकोणीस लाख खलाशांत बायका चोवीस हजार, म्हणजे शंभरात सव्वा. त्याच साली किंग्ज पॉइंटच्या एका विद्यार्थिनीने बोटीवर झालेल्या अत्याचाराची हकीकत नाव न देता जाहीर केली. अकादमीने मुलांना बोटीवर पाठवणं काही काळ थांबवलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झाला. केबिनच्या मास्टर किल्ल्या कोणाकडे, केव्हा गेल्या त्याची नोंद, बाहेरच्या वाटेवर कॅमेरे, तक्रार कळवण्याची सक्ती. नियम झाले म्हणून माणसं बदलली असं आम्ही म्हणणार नाही. पण आमच्या वेळी नियमही नव्हते. दुसरीकडे कॅप्टन राधिका मेनन आहेत, भारतीय व्यापारी नौदलातल्या पहिल्या महिला कॅप्टन. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून त्यांच्या बोटीने सात कोळी वाचवले, आणि २०१६ साली त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं शौर्यपदक मिळालं. आईने दोन्ही गोष्टी ऐकल्या. मग म्हणाली, ‘पदकाचं तिला सांगा. किल्ल्यांचंही सांगा.’ आम्ही दोन्ही सांगितलं. किल्ल्यांचं तिने आधीच वाचलेलं होतं.

वडिलांनी शेवटी एकच विचारलं, ‘आम्हाला काही झालं तर ती पोचेल का?’ त्यावर आम्ही पॅसिफिकमधली हकीकत सांगितली. आजवर मंडळात कोणाला सांगितली नव्हती. हेही सांगितलं की आता बातमी त्याच दिवशी कळते, कंपन्या पुढच्या बंदरातून विमानाने पाठवतात, पण तेवीस दिवसांचं पाणी अजून तेवीस दिवसांचंच आहे. गृहस्थ बराच वेळ नकाशाकडे बघत होते. दोन आठवड्यांनी त्यांनीच फोन करून सांगितलं की गॅलव्हेस्टनचा फॉर्म भरला आहे, आणि गणपतीत घरी येता येईल का ते विचारायचं राहिलं. शिकताना येईल म्हटलं, कारण मुलांना बोटीवर बहुतेक उन्हाळ्यात नेतात. पुढचं सांगता येत नाही.

प्रवेश मिळाला आहे, ऑगस्टमध्ये ती जाईल. आता प्रश्न एवढाच आहे की डेक घ्यायचं की इंजिन, आणि त्यावर आमच्या घरात एकमत नाही. अठरा वर्षं खाली काढलेला म्हणतो, डेक घे पोरी, निदान पनामा तरी दिसेल. आणि जिने वरून सगळं पाहिलं ती म्हणते, इंजिन घे. इंजिनिअरला उद्या कंटाळा आला तर पॉवरहाऊस आहे, रिफायनरी आहे, हॉस्पिटलांचे बॉयलर आहेत, डेकवाल्याला किनाऱ्यावर इतकी दारं उघडी नसतात. मुलगी दोघांचंही हसून ऐकते. पुढच्या शनिवारी ती पुन्हा येणार आहे, सेक्स्टंट कसा धरायचा ते शिकायला, आणि हा मुद्दा डेकच्या बाजूने धरायचा की नाही ह्यावर सध्या वाद चालू आहे.